बंद चिलर आणि रात्री पडणारा आरसीसीबी : इंदूरच्या एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामेभावाच्या मुलाचा फोन आला. "आत्या, टाकीत हात घातला की झिणझिण्या येतायत. बोटाला कापलंय ना, तिथेच जास्त." मी आधी विचारलं, पायात काय होतं. रबरी चप्पल होती. मग म्हटलं, "आता कुणीही पाण्याला हात लावायचा नाही. भिंतीवरचा स्विच बंद कर, मग टाकीच्या बोर्डाची पिन काढ. बॅटरीवरचा एअर पंप लावून ठेव. मी निघाले."

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतेय, कारण त्या झिणझिण्यांच्या मागे एक चुकीचा सल्ला होता आणि तो मीच दहा दिवसांपूर्वी फोनवर दिला होता. मी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. पीथमपूरच्या कारखान्यांत देखभालीचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तरीही ही चूक झाली, आणि खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या कुठल्याही घरात ती सहज होऊ शकते.

दादाचं, म्हणजे त्या मामेभावाचं, घर रामबागेत आहे, जुनं, जाड भिंतींचं. वहिनींचं माहेर रत्नागिरी. समुद्रापासून इतक्या लांब, माळव्याच्या पठारावर, बैठकीच्या खोलीत समुद्राचा एक तुकडा असावा ही त्यांची हौस. दादा बँकेतून निवृत्त झाला आणि दोघांनी ती मनावर घेतली. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालच्या कपाटात संप, म्हणजे पाणी साफ होऊन परत वर जाते ती दुसरी टाकी. दोन्ही मिळून पाणी साधारण ३०० लिटर. नर्मदेचं नळाचं पाणी आरओतून काढायचं आणि त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ घालायचं. म्हणजे त्या टाकीत साडेदहा किलो मीठ विरघळलेलं आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. समुद्राच्या क्षारतेचं पाणी नळाच्या गोड्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट चांगला विद्युतवाहक असतं. गोड्या पाण्याच्या टाकीत एखादं बारीक गळतं उपकरण वर्षभर खपून जातं, इथे खपत नाही.

आत दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, तळ साफ ठेवणारे शंख आणि झिंगे, दगडांवर हळूहळू पसरणारे मऊ कोरल. कोरल वहिनींनी स्वतः बोटभर तुकड्यांपासून वाढवलेले.

नोव्हेंबरच्या अखेरीस मध्यरात्री घरची लाइट जायला लागली. शेजारी उजेड असायचा, फक्त यांचंच घर अंधारात. मेन बोर्डात आरसीसीबी आहे, म्हणजे गळती झाली की पडून वीज तोडणारं बटण; ४० अँपिअर वाहू देणारा आणि ३० मिलीअँपिअर गळतीचा. अख्ख्या घराला तो एकच, आणि तोच पडलेला असायचा. पहिल्या रात्री अडीचच्या सुमाराला पडला आणि कुणाला कळलंच नाही. सकाळी साडेसहाला वहिनी उठल्या तेव्हा पाणी २५.५ अंशांवरून २२.८ वर आलेलं, पंप बंद, आणि दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून श्वास घेत होते. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं दादाने मला नंतर सांगितलं.

दादा बँकेतला माणूस. त्याने लगेच वहीत तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात केली. बारा रात्रींत सात वेळा, सगळ्या वेळा रात्री १ ते ५ च्या मधल्या. दिवसा एकदाही नाही. मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं साधन ती वही होती. माझ्या मीटरांचा नंबर तिच्या मागे.

आजूबाजूच्यांनी निदान ताबडतोब केलं: लोड जास्त झाला. टाकीला एवढी यंत्रं लावलीत, घराची वायरिंग झेपत नाही. कुणी म्हटलं वीज मंडळाकडे अर्ज करून मंजूर भार ३ किलोवॉटचा ५ करून घ्या. बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने ईएलसीबी काढून टाकायची तयारी दाखवली. जुन्या सवयीने इकडे आरसीसीबीला अजून ईएलसीबीच म्हणतात. दादाने काढू दिला नाही, हे त्याचे उपकार.

लोडचा हिशेब पाहा. हीटर ३०० वॉट. संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप ४५, फेसातून घाण काढणारा स्किमर २०, पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर मिळून ३०, वरचा एलईडी दिवा १३०, उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारा चिलर चालू असताना २८०. थंडीच्या रात्री दिवा बंद आणि चिलर बंद, तेव्हा चालतात ते हीटर आणि पंप, म्हणजे ३९५ वॉट. २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आत. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटलाही हा भार किरकोळ आहे. मे महिन्याच्या दुपारी दिवा, चिलर आणि पंप एकत्र चालले तरी ५०५ वॉट; मोटरांमुळे करंट नुसत्या भागाकारापेक्षा थोडा जास्त, अडीच अँपिअरच्या आसपास. टाकीमुळे महिन्याचं बिल वाढतं हे खरं, नुसते पंप चोवीस तासांत सव्वादोन युनिट खातात. पण घराची वायरिंग दमावी एवढा हा लोड कधीच नव्हता.

आणि मुळात आरसीसीबी लोड बघतच नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही, एवढंच तो बघतो. तुम्ही ३० अँपिअर ओढा, सगळे परत आले तर तो हलणार नाही. पावणेदोन अँपिअर ओढा आणि त्यातले २५ मिलीअँपिअर वाटेत दुसरीकडे, जमिनीकडे गेले, तर तो पडतो. लोड जास्त झाला तर पडायला हवा एमसीबी, आणि या घरात एकही एमसीबी एकदाही पडलेला नव्हता. म्हणून "लाइट गेली" असा फोन कुणाचा आला की मी हल्ली आधी विचारते, बोर्डातलं नेमकं कुठलं बटण खाली आलंय. निम्मं निदान तिथेच होतं.

इथवर मी फोनवर बरोबर होते. "गळती आहे," मी पुतण्याला म्हटलं, "एकेका यंत्राची पिन काढून बघ, कुठल्यामुळे थांबतं ते." त्याने तसं केलं. तिसऱ्या रात्री चिलरची पिन काढली आणि आरसीसीबी पडायचा थांबला. दोन रात्री, तीन रात्री, काही नाही. इलेक्ट्रिशियननेही येऊन शिक्कामोर्तब केलं, "चिलर में करंट है, साब." मी म्हटलं, ठीक आहे, हिवाळ्यात चिलर लागतच नाही, फेब्रुवारीत दुरुस्तीला द्या.

पुतण्याने त्या फोनवर एक वाक्य बोललेलं होतं आणि माझ्या कानावरून ते तसंच गेलं: "आत्या, पण चिलरचा स्विच तर दिवाळीपासून बंदच आहे."

बंद स्विचच्या पलीकडे असलेलं यंत्र रात्री दोन वाजता घर अंधारात घालतं, हे कसं? तिथे थांबून विचार करायला हवा होता. आपल्याकडच्या सॉकेटचा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि अर्थिंगची मोठी पिनही जोडलेलीच राहते. म्हणजे पुतण्याने पिन बाहेर काढली तेव्हा चिलरच्या बाबतीत दोनच गोष्टी बदलल्या: न्यूट्रल सुटला आणि अर्थिंग सुटलं. फेज आधीपासूनच सुटलेला होता.

न्यूट्रल सुटल्यामुळे ट्रिप थांबू शकतं. यंत्राच्या आत न्यूट्रल अंगाला, म्हणजे अर्थला, टेकलेला असेल तर यंत्र बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो, कारण घरातल्या बाकीच्या लोडचा परतीचा करंट थोडा तिकडून वळतो. ही शक्यता तपासावीच लागते. पण दुसरी शक्यता जास्त भीतीदायक होती, आणि झिणझिण्यांचा फोन आला तेव्हा स्कूटर काढता काढता तीच माझ्या डोक्यात होती.

काचेची टाकी म्हणजे एक मोठं इन्सुलेटरचं भांडं. त्यातल्या पाण्याला जमिनीकडे जायला वाट नसते. चिलरमध्ये मात्र पाणी टायटॅनियमच्या नळीतून फिरतं आणि ती नळी चिलरच्या अंगाला, तिथून अर्थिंगच्या पिनेला जोडलेली असते. यांच्याकडे हिवाळ्यातही रिटर्न पंपाचं पाणी चिलरमधूनच जात होतं, फक्त कॉम्प्रेसर बंद. म्हणजे दुसरंच कुठलंतरी यंत्र पाण्यात करंट सोडत असेल, तर तो चिलरच्या नळीवाटे अर्थला जात होता, आणि म्हणूनच आरसीसीबीला ते कळत होतं. आम्ही पिन काढली आणि गळणाऱ्या करंटची वाट बंद केली. गळती तिथेच होती. पाणी आता जिवंत तारेसारखं होऊन बसलं, आणि वाट सापडण्याची वाट बघत राहिलं. ती वाट पुतण्याचा हात झाला.

रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन गेले. वहिनींनी पोहे पुढे केले, पण त्यांचं लक्ष टाकीवरून हटत नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं, मी म्हणेपर्यंत कुणीही पाण्याजवळ यायचं नाही, आणि चिलरची पिन परत लावली. मोजणी करताना गळतीला सुरक्षित वाट असायला हवी.

गळती मोजायचा क्लॅम्प मीटर वेगळा असतो, मिलीअँपिअर दाखवणारा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांना एकत्र कवेत घेऊन लावायचा. गेलेला आणि परत आलेला करंट एकमेकांना खोडतात, उरतो तो फरक, तीच गळती. मेन बोर्डात टाकी पूर्ण बंद असताना ९ मिलीअँपिअर. हे घराचं रोजचं: फ्रिज, कॉम्प्युटर, टीव्हीचा डबा, वॉशिंग मशीन, एलईडी दिवे. प्रत्येकाच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा थोडा करंट अर्थला सोडतातच. यात बिघाड काही नाही, पण ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचा बराचसा वाटा आधीच खर्च झालेला असतो.

मग पंप एकेक करून लावले. क्लॅम्पचा आकडा जेमतेम हलला. दिवा लावला, अर्धा मिलीअँपिअर. शेवटी हीटर. थर्मोस्टॅट वर सरकवला म्हणजे तो चालू होईल, आणि क्लॅम्प मेनवरून काढून थेट हीटरच्या वायरवर लावला. सुरुवातीला ३. पुतण्या म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, थांब. पाच मिनिटांनी ६. दहा मिनिटांनी ११. पुढे आकडा सावकाश पण न थांबता चढत राहिला, जणू दूध तापत होतं. पंचविसाव्या मिनिटाला २०.

तसाच क्लॅम्प मी नंतर चिलरच्या वायरमधल्या एकट्या हिरव्या तारेवर लावला. त्यासाठी चिलरच्या मागचं झाकण काढावं लागलं. चिलरचा स्विच बंद. हिरव्या तारेत २० मिलीअँपिअर. जेवढं हीटरमधून पाण्यात जात होतं तेवढंच, आकड्याला आकडा, चिलरच्या अर्थिंगमधून जमिनीत जात होतं. पुतण्याला मी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायला लावले. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात घर अंधारात गेलं. पंपांचा आवाज एकदम थांबला. आरसीसीबी पडला होता.

इथे एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर हिशेब जुळत नाही. ९ आणि २० ची सरळ बेरीज २९. पण घराची गळती कपॅसिटरची आहे आणि हीटरची रोधाची, दोघांच्या लहरी एकमेकींपासून पाव चक्राने सरकलेल्या असतात. त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते: ४०० अधिक ८१, त्याचं वर्गमूळ, साधारण २२. मी परीक्षण यंत्राने हा आरसीसीबी आधीच तपासला होता, तो २२ ला पडतो. मानकानुसार ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीने १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलंच पाहिजे, म्हणजे तो अगदी चोख होता. गळती बरोबर काठावर असल्यामुळे काही रात्री पडायचा, काही रात्री नाही. आणि फक्त रात्रीच, कारण या दिवसांत इंदूरला रात्री थंडी उतरते तेव्हाच हीटर सलग अर्धा तास चालतो. दिवसा तो दहा मिनिटांत बंद व्हायचा आणि गळती २० पर्यंत चढायचीच नाही.

आता ती मोजणी, जी केल्यावर मी थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले. सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, हीटर तापलेला असताना चिलरची पिन काढली, आणि पाणी ते अर्थ यांच्यात व्होल्ट बघितले: २०० च्या वर. नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नये. डिजिटल मीटर चांगल्या टाकीतही ३०-४० व्होल्ट दाखवतो, टेस्टरचा दिवाही मिणमिणतो, आणि ते निव्वळ प्रेरित असतात, बोट लावलं की नाहीसे होतात. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये २.२ किलोओहमचा रोध जोडून करंट मोजला. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध साधारण १ ते २ किलोओहम धरतात, त्याच्या जवळपासचा. करंट १६ मिलीअँपिअरच्या वर गेला.

साधारण १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेलं सोडता येत नाही. आणि त्या वेळी मेनवरची गळती किती झाली असती? १६-१७ आणि घराचे ९, कर्णाच्या हिशेबाने १९. आरसीसीबी २२ ला पडतो. म्हणजे घरात चालू स्थितीतला, चोख आरसीसीबी असताना, अनवाणी, फरशीवर सांडलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या मुलाचा हात टाकीत अडकला असता आणि आरसीसीबी पडलाच असता याची खात्री नव्हती. तो वाचला चप्पलेमुळे, आणि हीटर त्या वेळी तापलेला नव्हता म्हणून.

दादाला हे सगळं सांगितलं. माझा फोनवरचा सल्लाही सांगितला. तो म्हणाला, "अगं, तू आलीस ना." एवढंच. मला अजून ते पुरत नाही.

हीटरचं पुढे काय निघालं ते बघण्यासारखं आहे. तापलेला असतानाच त्याची पिन काढली आणि पाण्यातच ठेवून त्याच्या दोन्ही पिना एकत्र करून, त्या आणि चिलरच्या सुटलेल्या अर्थ पिनेमधला रोध साध्या मल्टिमीटरने मोजला. आकडा हलत होता, पण १२ किलोओहमच्या आसपास. २३० भागिले २० मिलीअँपिअर म्हणजे साडेअकरा, जुळलं. टाकीत जीव असताना मेगरचे, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचे, ५०० व्होल्ट पाण्यात सोडायचे नाहीत, मल्टिमीटर पुरतो. मग हीटर बाहेर काढला, गोड्या पाण्याने धुतला, पुसला, रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मेगर लावला: २०० मेगओहमच्या वर. निर्दोष! दुकानात नेला असता तर कुणीही चांगला आहे म्हणून परत दिला असता.

झाकण कापून बघितलं. काचेची नळी धड होती. रबरी बुचाच्या खाली, जिथून वायर आत जाते, तिथे काचेला आतून पांढरी मिठाची कडा धरलेली, नखाने खरवडली तर चुरा पडणारी, आणि तांब्याच्या टोकावर हिरवट बुरशीसारखा थर. हीटर तापला की आतली हवा फुगून बुचाच्या कडेने बाहेर जाते, थंड झाला की आकसते आणि सोबत पाण्याचा अंश आत ओढते. रोज थोडं थोडं. पाणी वाळतं, मीठ राहतं. पुन्हा तापला की वाफ त्या मिठाला ओलं करते आणि वाट तयार होते. म्हणून थंड आणि कोरडा हीटर चांगला दिसतो, तापलेला गळतो.

चिलर निर्दोष होता. फेज-न्यूट्रल एकत्र करून अंगाशी मेगर केला, न्यूट्रल कुठेही टेकलेला नव्हता.

एक्स्टेंशन बोर्डाचं थोडक्यात सांगते, कारण तो वेगळाच धोका होता आणि तो कुठल्याही बटणाला कधीच कळला नसता. बोर्ड कपाटात, संपच्या बरोबर वर, आतल्या भिंतीला स्क्रूने मारलेला. सगळी यंत्रं त्या एकातच. वहिनी म्हणाल्या होत्या, "कपाट उघडलं की कधी कधी जळकट वास येतो, मला वाटलं स्किमरचा." उघडला तर आत मिठाचं पांढरं दाणेदार कवच, आणि हीटरच्या सॉकेटजवळ सगळ्या यंत्रांची मिळून असलेली न्यूट्रलची पितळी पट्टी काळी-हिरवी पडून सैल झालेली. पावणेदोन अँपिअर वाहत असताना त्या एका जोडात २ व्होल्टच्या वर पडत होते. म्हणजे साधारण सव्वा ओहम, आणि साडेतीन वॉट उष्णता. मे महिन्यात अडीच अँपिअरला हीच उष्णता साडेसात वॉटच्या पुढे जाते, करंट दीडपट झाला की उष्णता दुपटीच्या वर. साडेसात वॉट ऐकायला फार नाही, पण नखाएवढ्या पितळेत, बंद प्लास्टिकच्या डब्यात, लाकडी कपाटात! सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो, म्हणून एमसीबीला काही दिसत नाही. गळती नाही, म्हणून आरसीसीबीलाही नाही. तिथे नाक आणि हाताचा पालथा पंजा हेच मीटर.

आणखी एक. त्या सर्किटची तार १.५ चौरस मिलिमीटरची आणि बोर्डात एमसीबी २० अँपिअरचा. आधीच्या उन्हाळ्यात "सारखा पडतो" म्हणून कुणीतरी १० चा काढून तो लावला होता. १.५ च्या तारेवर मी १० च्या पुढे जात नाही. त्या वेळी बहुतेक त्याच सर्किटवर कूलर आणि इस्त्रीही चालत असावी. तार वितळेपर्यंत न पडणारा एमसीबी नुसता शोभेचा.

त्याच आठवड्यात महारानी रोडवरून सामान आणलं आणि सगळं नव्याने केलं. टाकीसाठी मेन बोर्डापासून २.५ च्या तारेची स्वतंत्र लाइन, आणि त्यावर तीन वेगळे आरसीबीओ, प्रत्येक ३० मिलीअँपिअरचा. आरसीबीओ म्हणजे लोड आणि गळती दोन्ही बघणारं एकच बटण. पहिल्यावर फक्त हीटर. दुसऱ्यावर रिटर्न पंप, स्किमर, चिलर. तिसऱ्यावर वेव्हमेकर आणि दिवा. पूर्वी एका हीटरच्या गळतीने अख्खं घर आणि सगळे पंप बंद पडायचे. आता हीटर पडला तरी पाणी हलत राहतं, आणि पाणी हलत राहिलं की मासे काही तास थंडी सोसतात. मुख्य म्हणजे टाकीच्या गळतीत घराचे ९ मिलीअँपिअर मिसळत नाहीत. त्यासाठी या लाइनचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही जुन्या आरसीसीबीच्या आधीपासून घेतले. न्यूट्रल कुठेतरी मध्ये घराच्या न्यूट्रलशी जोडला गेला तर दोन्ही बटणं विनाकारण पडत राहतात. इन्व्हर्टर असलेल्या घरांत ही चूक मी अनेकदा काढलेली आहे.

३०० वॉटच्या एका हीटरऐवजी १५० चे दोन घेतले. थर्मोस्टॅट चिकटून हीटर सतत चालू राहिला तरी १५० वॉट ३०० लिटर पाण्याला लवकर उकाड्यात नेऊ शकत नाही. हीटर २५.५ ला बंद होतो, चिलर २७ ला सुरू. हे दोन आकडे एकमेकांजवळ ठेवले की हीटर तापवतो आणि चिलर गार करतो, दोघं रात्रभर भांडतात आणि बिल आपण भरतो, म्हणून दीड अंशाची जागा मोकळी ठेवलीच पाहिजे.

बोर्ड कपाटातून बाहेर, बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर. प्रत्येक वायर बोर्डाकडे चढण्याआधी खाली झोळ देऊन आणलेली, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटपर्यंत पोचत नाही. हे काम पुतण्याने स्वतः केलं, प्रत्येक झोळ बोटाने तपासत.

चिलरची पिन आता बाराही महिने लावलेली असते, स्विच बंद असला तरी. शिवाय एक टायटॅनियमची अर्थिंगची कांडी संपमध्ये सोडली आहे, चिलर दुरुस्तीला गेला तर वाट बंद होऊ नये म्हणून. अशा कांडीला काहींचा विरोध असतो, बिघडलेल्या यंत्राचा करंट तिच्यामुळे पाण्यातून वाहायला लागतो असं ते म्हणतात. आरसीसीबी नसलेल्या घरात त्यांचं म्हणणं बरोबर आहे, तिथे कांडी घालूच नये. पण आरसीबीओ असेल तर मला गळती पहिल्याच दिवशी, कुणाचा हात पाण्यात नसताना, कळायला हवी आहे. घराचं अर्थिंगही मोजलं, ४ ओहमच्या आसपास. डिसेंबरात चांगलं आहे, पण इथली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या कांडीपासून सुटते, म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायचं दादाने वहीत लिहून ठेवलं आहे. महिन्याच्या १ तारखेला तिन्ही आरसीबीओंची 'टी', म्हणजे टेस्टची, बटणं दाबायची, हे वहिनींकडे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे पुतण्याचा मेसेज आला: "आत्या, रात्री हीटरचा एकटा पडला. बाकी सगळं चालू. पाणी २४.६. हात घातला नाही." सकाळी त्याने आधी आरसीबीओ बंदच ठेवून दोन्ही हीटरच्या पिना काढल्या, मग एकेक लावून बघितला. नव्यापैकी एकाच्या वायरला हलवाहलवीत संपच्या काचेच्या कडेवर चीर गेली होती. तो मी दुपारी बदलून दिला. वहिनी तेव्हा टाकीसमोर बसून, हात मांडीवर ठेवून, गोबीला वाळूत बीळ करताना बघत होत्या.